ड्रायव्हर उतरला, आता गाडी कोणाच्या डोक्यावर?

प्रश्न असा आलाय: पुण्यात सहा सीएनजी गाड्या ॲपला अटॅच आहेत. अमेरिकेत बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या धावायला लागल्यात. मग उबर-ओलासारख्या कंपन्या यातून बुडणार की फोफावणार? आणखी दोन गाड्या कर्जावर घ्याव्यात की थांबावं? आणि मुलगा ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला या धंद्यात आणावं का?

‘ड्रायव्हर जाणार का’ यावर सगळेच बोलतात. धंद्याच्या दृष्टीनं त्याहून अडचणीचा प्रश्न वेगळा आहे. ॲपवाल्या कंपनीकडे स्वतःची गाडी नसते. गाडी ड्रायव्हर आणतो, नाहीतर तुमच्यासारखा मालक आणतो. गाडीबरोबर तिचा हप्ता, विमा, टॅक्सी परमिट, आरटीओचं ठरावीक मुदतीनं होणारं पासिंग, सीएनजीची रांग, पंक्चर, धुणं आणि रात्री ती उभी करायची जागा हेही सगळं तोच आणतो. कंपनी गिऱ्हाईक आणि गाडी यांची गाठ घालून देते आणि आपला वाटा कापते. म्हणजे ड्रायव्हर गेला की पगार वाचतो हे अर्धंच खरं. त्याच्याबरोबर कंपनीला फुकट मिळणारी गाडीही जाते. ती आता कोणी विकत घ्यायची, कोणी धुवायची, कोणी उभी करायची, यावर या धंद्याचं भवितव्य ठरणार आहे.

उत्तर बऱ्याच अंशी शहरावर अवलंबून आहे. तिथली मजुरी, कायदा, पाऊस, रस्ता आणि विजेचा भाव बदलला की हिशेब उलटा होतो. त्यामुळे खाली जिथे ‘समजा’ म्हटलंय, तिथे तुमचे आकडे घालून बघा.

आधी एक घोळ काढून टाकू. लेन धरून चालणारी, स्वतः ब्रेक मारणारी गाडी आता आपल्याकडेही शोरूममध्ये मिळते. तिला दुसरी पातळी म्हणतात. तिच्यात स्टिअरिंगमागे माणूस लागतोच आणि जबाबदारीही त्याचीच. टॅक्सीच्या धंद्यात त्यानं एक रुपयाही वाचत नाही. ठरलेल्या हद्दीत माणसाशिवाय चालणारी ती चौथी पातळी. आपण बोलतोय ते फक्त या गाडीबद्दल.

ती आज कुठवर आली आहे? गूगलनं २००९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प २०१६ मध्ये वेमो कंपनी झाला. २०२० मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास तिनं सामान्य लोकांना बिनड्रायव्हरची गाडी खुली केली. जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सगळ्यांसाठी उघडलं, नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिस. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनं आठवड्याला अडीच लाख पैसे देऊन झालेल्या फेऱ्या सांगितल्या आणि मे महिन्यात गाड्यांची संख्या १,५०० सांगितली. भागाकार करा: एका गाडीला दिवसाला जवळपास २४ फेऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

समजा गाडी, सेन्सर, संगणक मिळून एक लाख डॉलर पडले आणि गाडी पाच वर्षं चालली. व्याज सोडा. दिवसाला ५५ डॉलर झाले. चार्जिंग, धुलाई, जागा, विमा, दुरून मदत करणारी माणसं यांचे आणखी समजा ६० डॉलर. एकूण ११५. गाडीनं २४ फेऱ्या मारल्या तर एका फेरीचा खर्च पावणेपाच डॉलर. १२ मारल्या तर साडेनऊच्या वर. भाडं तेच, गाडी तीच, फक्त ती किती वेळ भरलेली फिरली यावर नफा की तोटा ते ठरतं. ड्रायव्हरवाल्या गाडीत हा धोका कंपनीला नसतो. गाडी दुपारी झाडाखाली उभी असली तर नुकसान ड्रायव्हरचं आणि मालकाचं. तुम्हाला हे सांगायला नकोच.

इथेच गर्दीच्या वेळेचं त्रांगडं येतं. एखाद्या भागात संध्याकाळी सातला १०० गाड्या लागतात आणि दुपारी तीनला ४०. १०० विकत घेतल्या तर दुपारी ६० नुसत्या हप्ता खात उभ्या. ४० घेतल्या तर संध्याकाळी ६० गिऱ्हाइकं परत, आणि दोनदा परत गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा ॲप उघडत नाही. माणसांचा ताफा मात्र लवचीक असतो. सर्ज, म्हणजे गर्दीचं वाढीव भाडं, दिसला की लोक ऑनलाइन येतात, संपला की घरी जातात. पाऊस, मॅच, ३१ डिसेंबरची रात्र, सगळं यातूनच भागतं. म्हणून मला पुढची बरीच वर्षं मिश्र ताफाच दिसतो: रोजची पक्की मागणी यंत्राच्या गाड्यांवर, वरचा चढउतार माणसांवर. ज्या ॲपकडे दोन्ही असतील त्याच्या गाड्या जास्त भरलेल्या राहतील.

उबरचा डाव हाच आहे. मार्च २०२५ पासून ऑस्टिनमध्ये आणि जूनपासून अटलांटामध्ये वेमोची गाडी उबरच्या ॲपवरून मिळते. गाडी आणि तिचा मेंदू वेमोचा. धुणं, दुरुस्ती, डेपो सांभाळणं उबरच्या बाजूला. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये मात्र वेमोचं स्वतःचं ॲप. एकाच कंपनीच्या गाड्या, दोन वेगळे धंदे. मे २०२५ मध्ये उबरच्या प्रमुखांनी सांगितलं की ऑस्टिनमधल्या साधारण १०० वेमो गाड्या दिवसाच्या फेऱ्यांत तिथल्या ९९ टक्के ड्रायव्हरांच्या पुढे आहेत. बोलणारा आपला माल विकतोय हे धरून चाला, पण मुद्दा बरोबर आहे. गाडी भरायची तर गिऱ्हाइकांचा साठा हाताशी लागतो, आणि तो उबरकडे आधीपासून आहे.

मग उबर सुरक्षित झाली का? नाही, आणि याचं कारण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभं राहिलं की लगेच कळतं. अडत्याची ताकद माल विखुरलेला असण्यात असते. शेकडो शेतकरी दहा-दहा पिशव्या कांदा घेऊन आले की प्रत्येकाला अडत्या लागतो आणि सौद्याची सूत्रं त्याच्याच हातात राहतात. पण उद्या सगळा कांदा एकाच व्यापाऱ्याच्या ट्रकमधून आला तर तो व्यापारी गाळाच भाड्यानं घेईल, अडत्याला कशाला विचारेल? लाखो ड्रायव्हर म्हणजे विखुरलेला माल. एकटी वेमो म्हणजे एका हाती आलेला माल. तंत्रज्ञान एकाच कंपनीकडे राहिलं तर ॲपवाल्याचा वाटा कमी होत होत नुसत्या जाहिरातीच्या दलालीवर येईल. पाच-सहा कंपन्यांकडे गेलं तर त्या एकमेकींशी झगडतील आणि अडत्या पुन्हा खुर्चीत बसेल. उबर वेमोबरोबरच वीराइड, पोनी, बायडू, मे मोबिलिटी अशा बिनड्रायव्हरचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या अनेकांशी करार करत सुटली आहे ती यासाठीच. उबरची अमेरिकेतली स्पर्धक लिफ्ट, तिचंही तेच चाललंय.

याच कंपन्यांनी आधी उलटा रस्ता धरला होता हे विसरू नका. उबरनं २०१५ मध्ये पिट्सबर्गला स्वतःचं तंत्रज्ञान बनवायला घेतलं. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे तिच्या चाचणीच्या गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडक दिली, त्यात त्या गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये तो विभाग ऑरोरा कंपनीला देऊन टाकला, वर ४० कोटी डॉलर गुंतवले. म्हणजे विकतानाही पदरचे पैसे घातले. लिफ्टनं आपला विभाग २०२१ मध्ये टोयोटाच्या कंपनीला ५५ कोटी डॉलरला विकला. दोघींनी ओळखलं की मेंदू बनवणं हा आपला धंदा नव्हे. आता जुलै २०२५ मध्ये उबरनं विजेच्या गाड्या बनवणाऱ्या ल्युसिड कंपनीत ३० कोटी डॉलर घालायचं आणि सहा वर्षांत नूरो कंपनीचं बिनड्रायव्हरचं तंत्रज्ञान बसवलेल्या तिच्या २०,००० गाड्या ताफ्यात आणायचं जाहीर केलं. त्या उबरच्या नाहीतर तिच्या ताफेवाल्या भागीदारांच्या मालकीच्या असतील. ‘आमची एकही गाडी नाही’ असं मिरवणारी कंपनी गाड्यांत पैसे घालायला निघाली आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर शोधायला तीही निघाली आहे असा याचा अर्थ.

आता डेपो. लोकांना सेन्सर आणि संगणक दिसतो. पैसा मुरतो तो डेपोत.

५० विजेच्या गाड्या धरा. प्रत्येकी दिवसाला ३०० किलोमीटर. संगणक आणि एसी धरून १०० किलोमीटरला २५ युनिट लागले तर गाडीला ७५ युनिट, ताफ्याला ३,७५० युनिट. यातलं साठ टक्के चार्जिंग रात्री एक ते पाचच्या मंदीत उरकायचं म्हटलं तर २,२५० युनिट चार तासांत द्यायचे, म्हणजे साडेपाचशे किलोवॅटच्या वर भार. घरगुती मीटरची भाषा इथे संपते. उच्चदाब जोडणी, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि तो बसेपर्यंत थांबायची तयारी. गाडी वळवायला जागा धरून एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे ५० गाड्यांना १२ ते १५ गुंठे. तेही शहराबाहेर घेऊन उपयोग नाही. डेपो मागणीपासून दहा किलोमीटर लांब असेल तर प्रत्येक खेपेला वीस रिकामे किलोमीटर. दिवसात दोन खेपा म्हणजे चाळीस, म्हणजे धावण्यातले तेरा टक्के फुकट.

गाडी आत आली की काय होतं? दार उघडून आधी मागच्या सीटखाली हात घालून बघायचं. फोन, चाव्या, छत्री. मग सीट, मग पायपोस. ओकारी असेल तर गाडी रांगेतून बाहेर, कारण वास राहिला तर पुढचं गिऱ्हाईक तक्रार करणार आणि माफी मागायला आत ड्रायव्हर नाही. नंतर कॅमेऱ्यांच्या काचा आणि लायडारची, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरची, टोपणं मऊ कापडानं. खरखरीत फडकं मारलं तर ओरखडा कायमचा. वेमोच्या जॅग्वार गाडीवर २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार आहेत, म्हणजे पुसायची ४० ठिकाणं. टायरची हवा, वायपरचं पाणी, चार्जर. एका गाडीला दहा-बारा मिनिटं धरली आणि गाड्या दिवसातून दोनदा आल्या तर ५० गाड्यांना रोज १७ ते २० माणूसतास. बंपर घासला तर नेहमीच्या डेंटरकडे नेऊन भागत नाही. कोपऱ्यातला सेन्सर हलला असेल तर पुन्हा मोजून बसवावा लागतो, तोवर गाडी उभी.

शेजाऱ्यांचाही त्रास असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका वाहनतळावर जमलेल्या वेमो गाड्या पहाटे चारला एकमेकींना हॉर्न द्यायला लागल्या. दुसरी गाडी रिव्हर्स घेत जवळ आली की हॉर्न वाजवायचा असं त्यांना शिकवलेलं होतं. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं जागी झाली, कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

आणि दार. गिऱ्हाईक उतरलं आणि दार नीट लावलं नाही तर ती जॅग्वार जागची हलत नाही. लाखभर डॉलरची गाडी रस्त्याच्या कडेला दिवे लुकलुकवत उभी, कोणीतरी येऊन दार ढकलेपर्यंत. लॉस एंजेलिसमध्ये हे काम करायला पैसे देऊन माणसं बोलावली जातात. ड्रायव्हर मान मागे वळवून ‘जरा जोरात लावा’ म्हणतो त्या तीन शब्दांची किंमत कोणी कधी हिशेबात धरली नव्हती.

दुरून मदत करणाऱ्या माणसांबद्दलही गैरसमज असतो. ती माणसं पडद्यावर बसून स्टिअरिंग फिरवत नाहीत. गाडी अडली की प्रश्न विचारते, ‘इथे रस्ता बंद दिसतोय, डावीकडून जाऊ का?’, माणूस उत्तर देतो आणि गाडी स्वतः चालते. एक माणूस अनेक गाड्यांना पुरतो म्हणून तर हे परवडतं. पण सगळ्या गाड्यांनी एकाच वेळी विचारलं तर? २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठा वीजपुरवठा खंडित झाला आणि सिग्नल बंद पडले. बंद सिग्नलवर काय करायचं हे गाड्यांना ठाऊक होतं, पण खात्री करून घ्यायला त्या विचारत राहिल्या. विचारणा तुंबल्या, गाड्या चौकाचौकांत थबकल्या आणि सेवा तात्पुरती बंद करावी लागली. तिथे ही बातमी झाली. आपल्याकडे पावसाळ्यात बंद सिग्नल ही बातमी नसते.

धंद्याला याहून मोठा धोका परवान्याचा. माणसाच्या हातून अपघात झाला तर एक गाडी, एक ड्रायव्हर अडकतो. यंत्राच्या ताफ्यात चालवणारा एकच असतो, म्हणून चूकही सगळ्यांची एकच. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीचं तेच झालं. २ ऑक्टोबर २०२३ ला दुसऱ्या वाहनानं उडवलेली पादचारी महिला क्रूझच्या गाडीखाली आली, आणि गाडीनं कडेला थांबण्यासाठी तिला साधारण २० फूट फरपटत नेलं. हा फरपटीचा भाग अधिकाऱ्यांसमोर नीट आला नाही. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियानं परवाना थांबवला, एका दिवसात तिथला सगळा ताफा रस्त्यावरून गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सनं पैसे देणं बंद केलं, तोवर १,००० कोटी डॉलरहून जास्त ओतून झाले होते. ज्या ॲपचा सगळा माल एकाच कंपनीकडून येत असेल ते ॲप अशा दिवशी कोरडं पडतं. माणसांचा ताफा हाताशी ठेवायचं हे दुसरं कारण.

इथवरचं एका वाक्यात: कंपन्या बुडणार नाहीत, पण मेंदू बनवणारा, गाडी सांभाळणारा आणि गिऱ्हाईक आणणारा असे तीन वेगळे धंदे होतील, आणि मधला धंदा, म्हणजे गाडी सांभाळणं, तुमच्या आजच्या कामाच्या सगळ्यात जवळचा आहे.

आता पुणे. फिनिक्समध्ये ताशी १५ डॉलर धरून गाडी रोज २० तास चालवायला माणूस ठेवला तर वर्षाला १,०९,५०० डॉलर होतात. यंत्रावर लाखभर डॉलर जास्त गेले तरी वर्षभरात फिटतात. पुण्यात समजा ड्रायव्हरचे महिना २०,०००. दोन पाळ्यांचे ४०,०००, वर्षाचे ४ लाख ८० हजार. डॉलर ८५ रुपयांना धरला तर तेच लाख डॉलर म्हणजे ८५ लाख, फिटायला पावणेअठरा वर्षं. तोवर गाडीचा सांगाडाही राहणार नाही.

पण या हिशेबावर निवांत झोपू नका. चीनच्या बायडू कंपनीनं मे २०२४ मध्ये आपली आरटी६ गाडी सेन्सरसकट २,०४,६०० युआनला दाखवली, साधारण २४ लाख रुपये. चीनमधल्या वुहान शहरात ती कंपनी सेवा देते. आपल्या आठ लाखांच्या गाडीपेक्षा १६ लाख जास्त, म्हणजे दोन पाळ्यांच्या हिशेबानं साडेतीन वर्षांच्या आत फेड, एका पाळीला पावणेसात. आयातकर, डेपो, दुरून मदत धरली की आकडा वाढेल, पण पावणेअठरा वर्षांवरून तो इतका खाली येऊ शकतो हे दिसलं ना? किमतीच्या भिंतीआड फार वर्षं लपता येणार नाही.

खरी भिंत कायदा आणि रस्ता. मोटार वाहन कायदा, १९८८ हा चालक माणूस आहे असं गृहीत धरूनच लिहिलाय. कलम ३ म्हणतं, परवान्याशिवाय कोणीही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवू नये. यंत्राला परवाना द्यायची त्यात सोय नाही. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात सरळ सांगितलं होतं की नोकऱ्या जातात म्हणून बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊ देणार नाही. मंत्री बदलतात, धोरणं बदलतात, तरी आधी चाचणीचे नियम, मग विम्याची जबाबदारी, मग व्यावसायिक परवाना या क्रमाला वर्षं जातात. रस्त्याचं तर काय सांगायचं. उलट्या बाजूनं येणारी दुचाकी, पुसलेला पट्टा, गणपतीत बांबू लावून बंद केलेला लक्ष्मी रस्ता. प्रत्येक ठिकाणी गाडी प्रश्न विचारणार आणि जवळपास प्रत्येक गाडीमागे एक माणूस बसवावा लागला तर ड्रायव्हरच काय वाईट होता? मला वाटतं, आपल्याकडे ही गाडी आधी कुंपणाच्या आत येईल: खाणी, बंदरं, विमानतळाचा आतला भाग, मोठी आयटी संकुलं. हिंजवडीच्या एखाद्या संकुलात गेटपासून इमारतीपर्यंत धावली तर दचकू नका. त्यानं तुमचं भाडं जात नाही.

तारखांवर मात्र कोणाच्याच विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. टेस्लाच्या प्रमुखांनी एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं होतं की पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्स्या रस्त्यावर असतील. जून २०२५ मध्ये ऑस्टिनला सेवा सुरू झाली ती मोजक्या गाड्यांनी, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून.

मालकीबद्दल आपल्याकडचा धडा ताजा आहे. ब्लूस्मार्ट या ॲप-टॅक्सी कंपनीच्या गाड्या ड्रायव्हरांच्या नव्हत्या, बहुतेक भाडेपट्टीनं घेतलेल्या विजेच्या गाड्यांचा तो एकगठ्ठा ताफा होता. सेवा चांगली म्हणून लोक नाव घेत. एप्रिल २०२५ मध्ये शेअर बाजाराची नियामक सेबी हिनं ब्लूस्मार्टला गाड्या भाड्यानं देणाऱ्या जेनसोल इंजिनिअरिंगवर अंतरिम आदेश काढला. ६,४०० गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातून ४,७०४ गाड्याच आल्याचं त्यात नोंदवलंय. एक-दोन दिवसांत ब्लूस्मार्टचं बुकिंग थांबलं. मागणी होती, गाड्या होत्या, पण बऱ्याच गाड्या एकाच कंपनीच्या कर्जांना बांधलेल्या. बिनड्रायव्हरच्या ताफ्याची रचना नेमकी अशीच असणार, म्हणून अशा ताफ्यांशी करार कराल तेव्हा गाडी कोणाच्या नावावर आणि बोजा कोणाचा हे आरसी बुकात आधी बघा.

तुमच्या दोन गाड्यांचं. रोबोटॅक्सीच्या भीतीनं थांबू नका. हप्त्याच्या मुदतीत ती पुण्याच्या रस्त्यावर तुमचं भाडं खाईल असं मला वाटत नाही. थांबायचं असेल तर दुसऱ्या कारणांनी थांबा. आत्ताच्या सहा गाड्यांचा महिनाभर रोज सकाळी आणि रात्री ओडोमीटर लिहून ठेवा आणि ॲपवरचे पैसे मिळालेले किलोमीटर शेजारी मांडा. १०० किलोमीटरमधले ५५ भरलेले नसतील तर सातवी गाडी तोटाच वाढवेल, आधी या सहांची जागा आणि वेळ बदला. घ्यायचीच तर साडेसहा लाखांच्या कर्जावर साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १४,००० च्या आसपास येतो, चार वर्षांचा १६,६००. चार वर्षांचाच घ्या. व्याजात चाळीस हजार वाचतात, आणि गाडी मोकळी होते तेव्हा बाजार कुठे गेलाय ते बघून पुढचं ठरवता येतं.

एकाच ॲपवर सगळ्या गाड्या ठेवू नका. इथल्या ॲपचा धंदा यंत्र यायच्या आधीच बदलतोय. बंगळुरूत नम्मा यात्री हे रिक्षांचं ॲप बिनकमिशनचं आलं, मग रिक्षांसाठी उबर आणि २०२५ मध्ये ओलाही रोजच्या ठरावीक फीवर आली. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला भाड्यातले किमान ८० टक्के द्यायला सांगितलंय. अडतीच्या जागी प्रवेश फी आली की कमी फेऱ्या करणाऱ्या गाडीचं मरण आणि जास्त करणाऱ्या गाडीची चंगळ. एक-दोन गाड्या कंपन्यांच्या कर्मचारी वाहतुकीत घाला. रात्री महिला कर्मचाऱ्यांना घरी सोडताना गाडीत जबाबदार माणूस हवाच असतो. ते काम सगळ्यात शेवटी यंत्राकडे जाईल.

आणि एखादी दहा-पंधरा गुंठे जागा घरची असेल, रस्त्याला लागून, जवळून उच्चदाब वाहिनी जाणारी, तर ती विकून गाड्या घेऊ नका. गाड्या कोणाच्याही असोत, चालवणारा माणूस असो की यंत्र, त्या उभ्या राहणार कुठेतरी जागेवरच.

मुलाचं उत्तर सोपं आहे. त्याला लगेच ड्युटी लावायला बसवू नका. डिप्लोमा झाला की सहा महिने-वर्ष अशा वर्कशॉपमध्ये घाला जिथे विजेच्या गाडीची उच्चदाब बॅटरी सुरक्षित वेगळी करायला आणि सेन्सर जुळवायला शिकवतात. हे काम आजही आहे. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीची काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. जमीन सपाट हवी, चारही टायरची हवा कंपनीनं सांगितली तेवढी, डिकी रिकामी, अलाइनमेंट आधी झालेलं, आणि समोरचा खुणेचा फलक नजरेच्या अंदाजानं नव्हे तर गाडीच्या मध्यरेषेवरून मोजून लावलेला. यातलं काही एक राहिलं आणि कॅमेरा एका अंशानं तिरका बसला, तर ५० मीटरवरची वस्तू ८७ सेंटीमीटर सरकून दिसते. तेवढ्या फटीत आपल्याकडे एक अख्खी दुचाकी मावते.